अठ्ठ्याण्णव टक्के अकॉर्डियन

दुसऱ्याच्या संगणकातलं गाणं आपल्या संगणकात आणणं हा शुद्ध शेजारधर्म आहे, याबद्दल २००४ साली स्वीडनमधल्या वेस्तेरोसच्या बर्चबाग गृहसंस्थेतल्या सोळाही बिऱ्हाडांचं एकमत होतं. (मतभेद फक्त सामायिक धुलाईखोलीच्या पाळ्यांवरून होत.)

तूर्डिस एकब्लादला शनिवारपर्यंत एकच गाणं हवं होतं. तिचा नवरा हेल्गे ऐंशीचा होणार होता. तरुणपणी नाचाच्या या गाण्याच्या तबकडीवर त्यानं अकॉर्डियन वाजवलं होतं आणि ती तबकडी घर बदलताना फुटली होती. संस्थेनं ताबडतोब उपसमिती नेमली. तीन बैठका आणि बेचाळीस वेलची-बन खर्ची घालून समितीनं सामान्य माणसाच्या सोयीनं गाणी उतरवून घ्यायच्या प्रोग्रॅमची तुलना केली:

'मुंगी' – प्रामाणिक. एका गाण्याला चार दिवस.

'घुबड' – वेगवान. गाणं मागितलं की तुर्की पाककृती येते. (वांग्याची चांगली होते.)

'कालवा' – सर्वोत्तम. देशभरातून तुकडे गोळा करतो, शिवाय रांगेतला नंबर दाखवतो. त्यामुळे काहीही न मिळता समाधान मिळतं.

तूर्डिसनं कालवा लावला. गाणं अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर येऊन थांबलं. तिनं आलं तेवढं वाजवून पाहिलं. हेल्गेचं अकॉर्डियन नेमकं उरलेल्या दोन टक्क्यांत होतं.

ती खालच्या मजल्यावर गेली. "बर्टिल, मार्चमध्ये हे गाणं तूच सगळ्यांना दिलंस ना? असेलच तुझ्याकडे."

"होतं की! पण आपलं काम झालं की जागा रिकामी करायची, पुढच्याला पसारा दिसता कामा नये. धुलाईखोलीत पाटीच आहे तशी. मी त्याच संध्याकाळी सगळं पुसलं."

"आणि तुझ्या शेजारच्या इंगेगेर्डनं?"

"तिनं दोनदा पुसलं. धुलाईयंत्रासारखी जाळी संगणकात सापडली असती तर तीही धुतली असती बिचारीनं."

सोळाही संगणक लख्ख निघाले. आलेले अठ्ठ्याण्णव टक्के पार उत्तरेकडच्या किरूनातल्या कुणा गबाळ्या माणसाचे होते. त्याचंही तिथंच अडकलं होतं, पण पुसायचा त्याला कंटाळा होता.

शनिवारी केक कापून गाणं लावलं. हेल्गेनं टेबलावर बोटं ठेवली. "आता मी येतो बघा," तो म्हणाला, आणि गाणं संपलं. समितीनं घाईघाईनं कॉफी ओतली. तूर्डिसला रडू आवरेना.

"बाकीचे बरे वाजवायचे," हेल्गे म्हणाला.

यापुढे प्रत्येकानं घेतलेलं जपून ठेवावं, असा ठराव एकमतानं झाला. सभेनंतर टेबल स्वच्छ असावं म्हणून तो कागद कुणीतरी टाकून दिला.

हसताय? मागच्या रविवारी फोनमध्ये जागा नाही म्हणून तुम्ही जे पुसलंत, त्यात कुणाकुणाचा आवाज होता ते जरा आठवा. (सुप्रभातचे गुलाब शाबूत आहेत, काळजी नसावी.)