असा वाचक नाही

गजानन बोकील गेले त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता, आणि गुरुवारी शाळा सुटली की नलिनी अरेरा कॉलनीतून सोनागिरीला वडिलांकडे यायचीच. ती उत्तरपत्रिका तपासत बसली. ते कॉम्प्युटरवर, फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत काहीतरी ठोकत बसले.

“व्हेरिएबल म्हणजे डबा,” ते म्हणाले. “आत साखर आहे की मीठ, हे तोंड खारट व्हायच्या आधी विचारायची सोय, तिचं नाव टाइप. आत अक्षरं असली तर सी म्हणते, आकडा असला तर एन. डबाच नसला तर यू.”

“यू का?”

“अनडिफाइन्ड. मला ठाऊक नाही, असं सरळ सांगते. आपल्या कारखान्यात असा एक साहेब निघाला नाही.”

नलिनी हसली आणि तिनं पुढची उत्तरपत्रिका ओढली. शुक्रवारी सकाळी चहा गाळता गाळता ते गेले.

तीन महिन्यांनी टाउनशिपच्या मराठी वाचनालयातून विश्वासकाकांचा फोन आला. कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले हे काका आता वाचनालय बघत.

“तुझ्या बाबांनी वाचनालयाला लिहून दिलेला प्रोग्रॅम गेला गं,” ते म्हणाले. “वीस वर्षं चालला, खूप झालं. शनिवारी कबाडीवाला येतोय, कॉम्प्युटर उचलून नेईल. म्हटलं तुला सांगावं.”

वडिलांच्या मागे चालू राहिलेलं असं तेवढंच एक होतं. नलिनीनं अर्धी रजा टाकली.

वाचनालयात कुसुमताई पुस्तक छातीशी धरून बसल्या होत्या. वय ब्याऐंशी.

“नाव टाकलं तर म्हणतो, असा वाचक नाही,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत. दोघांतलं खरं कुणाचं मानू?”

“माझं ऐका,” शेजारचे बाळकृष्ण म्हणाले. “मी नावाऐवजी कार्डाचा नंबर टाकला, एकशे सतरा. तर म्हणे, हा आकडा आहे, माणूस नाही. पस्तीस वर्षं कारखान्यात मी आकडाच होतो, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती.”

“मीसुद्धा नाही त्यात,” विश्वासकाका हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून ही गोष्ट त्यांना बरीच लागलेली दिसत होती. “दोनशे बारा सभासद, एकालाही ओळखत नाही. सोसायटीत बोलबाला झालाय की वाचनालयाच्या मंडळानं म्हाताऱ्यांची छँटनी, म्हणजे कपात, सुरू केली. मालतीबाईंनी तर रागानं जुनी पुस्तकंही परत केली. दोन तर आपली नव्हतीच.”

नलिनी खुर्चीवर बसली. काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तिनं स्वतःचं नाव टाकलं.

पडद्यावर तिचं कार्ड उघडलं.

तिघंही वाकून बघू लागले. “वशिला,” बाळकृष्ण म्हणाले.

“काका,” नलिनीनं विचारलं, “याला कुणी हात लावला होता?”

“हात नाही. तपासणी केली,” विश्वासकाका म्हणाले. “सगळीकडे ‘वाचक’ साधा लिहिलेला, आणि टाइपच्या ओळीत तेवढा अवतरणांत. एका लॉटचा माल एकसारखा हवा. मी ती चिन्हं काढली.”

नलिनीनं ती ओळ उघडली. तिच्या वर वडिलांनी सूचना लिहून ठेवली होती: ‘डब्याचं नाव अवतरणांतच द्या. नाहीतर यंत्र डबा उघडेल, आत ज्याचं नाव सापडेल त्या नावाचा दुसरा डबा शोधत सुटेल.’

“म्हणजे ‘वाचक’च्या डब्यात ‘कुसुम’ लिहिलेलं मिळालं,” ती सावकाश म्हणाली, “की हा कुसुम नावाचा डबा शोधतो. तसा डबाच नाही. मग असा वाचक नाही.”

“आणि नलिनी नावाचा आहे?” कुसुमताईंनी विचारलं.

तो प्रश्न तिलाही पडला होता. ती एकेक ओळ वर जात प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचली. तिथं नलिनी नावाचा एक डबा होता, त्यात ‘आहे’ एवढाच शब्द. बाजूला टीप: ‘तपासणी चालते का हे पाहण्यासाठी एक नक्की असणारी वस्तू लागते.’ त्याखालच्या ओळीतून वीस वर्षं, रोज सकाळी, इतर कुणालाही विचारण्याआधी यंत्र तिला विचारत आलं होतं, आणि मगच पुढे जात होतं.

विश्वासकाकांनी चष्मा पुसला. “चिन्हं परत लावू का गं? मीच लावतो. काढली मी आहेत.” त्यांनी ती दोन्ही बाजूंनी मोजून मापून लावली. कुसुमताईंनी नाव टाकलं, कार्ड उघडलं. त्यांनी लगेच आणखी दोन पुस्तकं मागितली.

काकांनी कबाडीवाल्याला फोन लावला. “भैया, सनीचर को मत आना. अभी ज़िंदा है,” म्हणाले आणि फोन ठेवून तिच्याकडे वळले. “गजाननराव उगाच सांगत नव्हते. नलिनीला या विषयाची इतकी गोडी, म्हणायचे, दर गुरुवारी शिकायला येते. टाउनशिपभर सांगायचे.”

नलिनीचा हात कीबोर्डवर थांबला. पडद्यावर अजून ती पहिली ओळ होती.

“बाबा,” ती त्या तिघांसमोर म्हणाली, “मला यातलं काही कळत नव्हतं. तुमचा आवाज ऐकायला यायचे मी.”