काकूंचा नेम आणि दोन पिंजरे

लग्न नवं होतं तेव्हा काकूंनी देवापुढे एक नेम धरला होता: या घरात कुणी कुणापासून वेगळं निजायचं नाही. काकांच्या घोरण्याने खिडकीची तावदानं थरथरली, पण काकूंनी उशी हलवली नाही.

मग लेक कामानिमित्त दोन महिने परगावी निघाली आणि आपले हॅमस्टर, एक नर, एक मादी, दोन पिंजऱ्यांत घालून आईच्या हवाली करून गेली. दोघांना एकत्र सोडू नकोस, एवढं बजावून गेली. काकूंनी ऐकलं. पण दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसले आणि त्यांना राहवेना. (काय बिनसलं असेल बिचाऱ्यांचं?) देवाला हात जोडून त्यांनी नराला अलगद मादीच्या घरी पोचवलं.

थोडा वेळ गोडीगुलाबी चालली. मग असा कल्लोळ उठला की काका अर्धी दाढी टाकून धावत आले. ओव्हनचा जाड हातमोजा चढवून त्यांनी नराला सोडवलं, पण बोटाला चावा बसायचा तो बसलाच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी काकांच्या बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. हॅमस्टर हा एकलकोंडा जीव, त्याला सोबत म्हणजे शिक्षा, असं त्यांनी सांगितलं. आता मादी गाभण असणार. दाणापाणी द्या, पण पिंजरा हलवू नका, घरटं उपसू नका, पिल्लांना हात लावू नका. आणि आवाज तर मुळीच नको.

“आई बिथरली, तर पिल्लं खाऊन टाकते,” त्या म्हणाल्या.

काकूंनी काकांकडे पाहिलं. पिंजरा त्यांच्या उशाशी होता, आणि आवाज करणारं एकच जनावर त्या खोलीत निजत होतं.

सबंध संध्याकाळ त्या देवापुढे बसल्या. नेम मोडावा, की पिल्लांवर पाणी सोडावं? शेवटी काकांची गादी स्वतः उचलून त्यांनी अडगळीच्या खोलीत नेली.

“रुसून नाही हं,” त्या कुजबुजल्या. “बाळंतिणीसाठी.”

पिल्लं झाली, शेंगदाण्याएवढी, गुलाबी. सगळी जगली. दूध सुटल्यावर वेळीच वेगवेगळी झाली, आणि लेकीने परत येऊन प्रत्येकाला चांगलं घरही पाहून दिलं. काकू हसतमुखाने काकांची गादी आणायला गेल्या, तर आतून शीळ ऐकू येत होती आणि दाराला आतली कडी होती.

“पिंजरा हलवायचा नाही, असं बाईंनीच सांगितलंय,” आतून काका म्हणाले.

हल्ली शेजारीण नवऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आली, की काकू तिचा हात हातात घेतात.

“तूही माझा नवा नेम धर बाई. माया आहे ना? मग दोन पिंजरे कर,” त्या म्हणतात. “फक्त कडी तेवढी बाहेरून बसव.”