तावड्यांची ताटं

आमच्या शेजारचे तावडे मध्यंतरी समोर ताट आलं की ते आधी ओढायचे. स्वतःचंच नव्हे, दुसऱ्याचंही. माझ्या मुलीच्या बारशाला पंगतीत मी वरणभात कालवत होतो आणि शेजारी तावडे होते. "एक, दोन, ओढ!" म्हणाले, आणि माझं ताट वरणासकट त्यांच्या मांडीवर! माणूस कामातून गेला, अशी माझी तेव्हाच खात्री पटली.

तावडे एका मोठ्या इस्पितळात एक्सरे काढायचे. ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट, आमची चाळ भांडुपला. दिवसभर पेशंटला "हलू नका" सांगणारा हा माणूस घरी मात्र क्षणभर बूड टेकत नसे. केस कापायला गेले तरी शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकावर ओरडायचे, "हलू नका!" न्हावीच दचकायचा.

ताटांचा नाद मात्र नवा होता. रोज संध्याकाळी सहा ताटं एकावर एक रचायचे आणि वरून एकेक खेचायचे. नुसता खणखणाट! चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी दार ठोठावलं.

"तावडे, ही चाळ आहे की तांबट आळी?"

"बस रे," ते म्हणाले, स्वतः उभेच. "साध्या एक्सरेत कवटी दिसते, आतला मेंदू नाय दिसत. म्हणून मानेत सुई घालून औषध सोडतात. ते मेंदूच्या शिरांतून पळतं, पाच-सात सेकंदांत खलास! तेवढ्यात डोक्याखालच्या प्लेटी मी एकामागून एक ओढायच्या. एक चुकली की परत सुई."

"अहो, दहा वर्षं ओढताय ना? मग आता कसली प्रॅक्टिस?"

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. एकच कप, उजव्या हातात. डावा हात नुसता लोंबत होता.

त्या आत गेल्यावर तावडे हळूच म्हणाले, "सोमवारी हिचा नंबर."

मला माझीच लाज वाटली. सोमवारपर्यंत रोज मी ताटं रचून दिली, आकडेही मोजले.

सोमवारी दुपारी तावडे एकटेच परतले. वहिनींना इस्पितळात ठेवून घेतलं होतं.

"काय निघालं?" मी विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील." आयुष्यात पहिल्यांदा ते खुर्चीत नीट बसले. "पण एकदाच टोचलं रे तिला. एकदाच."

आणि ते ओक्साबोक्शी रडायला लागले.