खोडके सरांच्या काखेतली नळी

खोडके सरांचा नमस्कार एकाच हाताचा असे. उजवा हात छातीपर्यंत यायचा आणि डावा अंगाला घट्ट चिकटलेला राहायचा. नव्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याचा हात अधू आहे. तसं काही नव्हतं. सरांच्या डाव्या काखेत जंतूंची नळी असायची.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. वडनेर भोलजीच्या हायस्कुलात सर विज्ञान शिकवायचे आणि मी चित्रकला. दोघेही सडे, म्हणून एका खोलीत राहायचो. जंतू वाढवायचे तर त्यांना अंगाइतकी ऊब लागते. ती देणारी पेटी विजेवर चालते, आणि शाळेत वीज यायची होती. मग सरांनी देवानं दिलेली पेटी वापरायला काढली. बोटभर लांब काचेची नळी, तोंडाला कापसाचा बोळा, आत साखरेचं लाल पाणी आणि त्यात आतड्यातला एक गरीब स्वभावाचा जंतू. त्यानं ती साखर खाल्ली की पाणी पिवळं व्हायचं. साखरा तरी किती तऱ्हेच्या! नागपूरचा एक मित्र त्यांच्या पुड्या पाठवायचा, सोबत जुनी विज्ञानाची मासिकं.

सरांना जगात एकच प्रश्न पडलेला होता. "त्या जंतूले साखर कळते कशी, सांगा बरं." हा प्रश्न त्यांनी वाण्याला विचारला होता, एस.टी.च्या कंडक्टरला विचारला होता. उत्तराची वाट मात्र ते पाहत नसत, स्वतःच सांगून टाकत. एकदा न्हाव्यापुढं बसले असताना अर्ध्या दाढीत हा विषय निघाला. न्हावी वस्तरा हातात धरून ऐकत राहिला आणि उरलेल्या गालावरचा साबण वाळून गेला.

"मीठ अन् साखर शेजारी ठेवा," सर म्हणायचे. "तुम्ही डोये असून फसता. याले डोये नाहीत, नाक नाही, जीभ नाही, तरी फसत नाही." मग ते ज्वारीच्या धांड्याचा पांढरा गाभा आणि बाभळीचे काटे काढून बसायचे. गाभ्याचे तुकडे काट्यांनी जोडून त्यांनी दोन साखरांच्या कणांच्या प्रतिकृती बनवल्या होत्या. दोन्ही हुबेहूब सारख्या. फक्त एका जागी एक तुकडा हिच्यात वर होता आणि तिच्यात खाली. तेवढ्यावरून जंतू त्यांना वेगळं ओळखतो, कारण त्याच्यापाशी प्रथिनांचे हात असतात आणि प्रत्येक हाताला एक खोबण असते. साखर त्या खोबणीत नेमकी बसली की मूठ मिटते. हे सांगताना सरांची स्वतःची मूठ हळूच मिटायची आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, की समोरच्याला निघून जायला संकोच वाटावा. तरी लोक जायचेच.

या छंदापायी सरांचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे लोक पगार विचारायचे, शेती विचारायचे, आणि पोह्यांची बशी यायच्या आत सर साखरेवर गेलेले असायचे. म्हणून धामणगाव बढ्याचं स्थळ आलं तेव्हा मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की नळी खोलीवर ठेवायची. ते हो म्हणाले. मोताळ्याला गाडी बदलताना पाहतो तो त्यांनी पिशवी, छत्री आणि तिकीट, सगळं एकाच हातात धरलेलं.

मी त्यांच्या डाव्या काखेकडे पाहिलं.

"थंडी हाय हो," ते ओशाळून म्हणाले. "खोलीवर मरून जातीन बिचारे."

मुलीचे वडील नारायणराव कापसाचे व्यापारी. मुलगी कमल, शिवणवर्ग चालवायची. अंगानं चांगली उंच, आणि हाच तिचा दोष. आलेले नवरदेव तिच्या शेजारी उभे राहिले की आखडते घ्यायचे. खोडके सर तर तिच्या खांद्याला जेमतेम लागले असते. ती आली, पोहे दिले आणि मान खाली घालून बसली. सरांनी उजव्या हातात बशी घेतली. आता खायचं कशानं? पोहे निवत चालले. नारायणरावांनी थोडा वेळ पाहिलं आणि मायेनंच विचारलं, की हाताले काही दुखणं हाय का. मी आढ्याकडे पाहू लागलो.

सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सदऱ्यात हात घालून नळी काढली. जंतू हा शब्द ऐकताच कमलची आई उंबऱ्याच्या आत गेली. नारायणरावांनी खुर्ची जराशी मागं घेतली. परतीची गाडी कितीची आहे याचा मी विचार करत होतो, आणि सर ‘डोये नाहीत, नाक नाही’ इथपासून सुरू झाले होते. खोबण झाली, मूठ मिटली.

तेव्हा कमलनं मान वर केली. "अन् त्याच्या हातात बसतच नाही अशी साखर देल्ली, तं?"

तीन वर्षांत मी त्यांना या विषयावर अडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नळीकडे.

"थांबते," ते सावकाश म्हणाले. "वाढनं बंद करते. मंग, विद्या अंगात असली, तं त्या साखरेसाठी नवे हात घडवते. येळ लागते."

"तवरोक उपाशी?"

"उपाशीच. हे पाहा, या नळीत दुधातली साखर हाय. सकायपासून लालच हाय."

तिनं हात पुढं केला. नळी घेऊन खिडकीच्या उजेडात धरली, नीट पाहिली आणि परत दिली. "ठेवा मंग लवकर काखेत," ती म्हणाली. "गार होऊन राह्यली."

नारायणराव कळवतो म्हणाले. आम्ही निघालो.

गाडीत सर खिडकीशी बसले आणि बोलेनात. शेजारी एक शेतकरी गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसला होता, त्यालाही त्यांनी काही विचारलं नाही. मोताळा मागं पडलं. नळी काखेतून सदऱ्याच्या गळ्याशी वर सरकली होती, आतलं पाणी पिवळं झालेलं मला दिसलं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, मनाला लागलं. म्हणून म्हटलं, स्थळं काय, आणखी येतील.

"तसं नाही हो," सर म्हणाले. "मी एवढ्या जनाले सांगतलं. मले वापस कोनं विचारलंच नोतं कधी."

नारायणरावांच्या मनात पुष्कळ शंका होत्या असं पुढं कळलं, पण कमलनं हो म्हटलं होतं. उन्हाळ्यात लग्न झालं. मी मागच्या गल्लीत खोली घेतली. कमलवहिनींनी वडनेरातही शिवणवर्ग काढला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी चहाच्या ओढीनं त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि वर्गातल्या एका मुलीची हकिगत सांगत होत्या. तिनं झंपराला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या आणि उसवायला सांगितलं तर रडायला बसली होती. सर पाटावर बसून ऐकत होते. भाकरी उलटायला वहिनी थांबल्या.

"मंग?" सरांनी विचारलं.

त्यांनी पुढचं सांगितलं. विस्तवावर भाकरी फुगली, ती काढायला त्या पुन्हा थांबल्या.

"मंग काय म्हनली ते पोरगी?"

मी दारातून तसाच परत फिरलो. गल्लीच्या वळणापर्यंत मला वहिनींचा आवाज येत होता. गोष्टीत अजून पहिलीच बाही उसवत होती.