गनर इवान आणि माझे सासरे

आमच्या यार्डात क्रेनने स्टीलच्या प्लेटा खाली उतरवायला घेतल्या की इवान दोन्ही कानांवर हात ठेवतो आणि आ वासतो. अगदी दाढा दिसेपर्यंत. प्लेटा धाडकन आदळतात, धूळ खाली बसते, मग तो तोंड मिटतो आणि समाधानाने म्हणतो, "दा यौन!" वेल्श भाषेत म्हणजे 'फार छान'. नवीन माणसाला वाटतं, साहेबाची दाढ दुखतेय.

इवान शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या फॅब्रिकेशन कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. वय पंचावन्नच्या आसपास, नाक बारा महिने उन्हाने सोललेलं. विशीत तो तोफखान्यात होता. साधा गनर. कुवेतच्या लढाईत तोफेत गोळे भरायचं काम. तोफ उडताना तोंड उघडं ठेवलं की कानाचे पडदे वाचतात, असं त्याला शिकवलेलं. तरी डावा कान गेलाच.

त्याला इंग्रज म्हटलेलं खपत नाही. "इंग्लिश नाही, हबीबी! वेल्श!" हे तो दिवसातून चारदा तरी कुणाला तरी ऐकवतो. आणि कोणतीही सूचना मोठ्याने परत म्हणून दाखवतो, तोफेवरची सवय. मॅनेजर म्हणाले, "मीटिंग तीन वाजता," की हा ताठ उभा राहून ओरडणार, "मीटिंग तीन वाजता!" मॅनेजर दचकतात. मला नेमकं याचंच हसू यायला हवं होतं, पण यायचं नाही.

स्पष्टच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. अकरा वर्षं मी या कंपनीत स्टोअर सांभाळतोय. कुणाच्या बुटाचा नंबर काय, हे मला पाठ आहे. पण कामगारांना काही लागलं की ते धावणार इवानकडे. त्याचं हिंदी म्हणजे, "पानी पिया? खाना खाया? यल्ला, छाँव में बैठो!" एवढंच, त्यात 'यल्ला', म्हणजे 'चला', अरबी. तेवढ्यावर सगळे खूश. मी तेच शुद्ध हिंदीत सांगितलं की त्यांना मेमो मिळाल्यासारखं वाटतं. वर तो मला 'बाख' म्हणायचा. मला वाटायचं शिवी आहे. फोनवर शोधलं तर अर्थ निघाला, 'लहानग्या'. चव्वेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला!

इथवर ठीक होतं. पण त्याने माझे सासरेही पळवले.

माझे सासरे साताऱ्याकडचे, तोफखान्यातले रिटायर्ड हवालदार. एकाहत्तरची लढाई पाहिलेला माणूस. लग्नाला बारा वर्षं झाली, पण माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे, "बरं हाय का, पाव्हणं?" आणि "येतो, पाव्हणं." यंदा रमजानात ते महिनाभर आमच्याकडे शारजाला आले. मी ठरवलं होतं, या खेपेला त्यांना जिंकायचंच. अबुधाबी दाखवली, मॉल दाखवले, पाण्यावर नाचणारी कारंजी दाखवली. दर वेळी उत्तर एकच, "बरं हाय."

शेवटी मीना, माझी बायको, म्हणाली, "अहो, त्यांना इफ्तारची तोफ दाखवा ना."

रमजानात इथे सूर्य मावळला की तोफ उडवतात. गोळा नसतो, नुसता आवाज. तो ऐकून रोजा सोडायचा. मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, घेऊन मैदानावर गेलो. गर्दी होती. तोफेजवळच्या शिपायाने हात वर केला, तसे बाबांनी कानांवर हात ठेवले आणि आ वासला. मी घाबरून वळलो, तर पलीकडे गर्दीत आणखी एक जण कानांवर हात ठेवून आ वासून उभा. सोललेलं नाक!

धडाम झालं. दोघांनी तोंडं मिटली आणि एकमेकांकडे पाहिलं.

"गनर?" इवान म्हणाला.

"गनर!" बाबा म्हणाले, आणि हसले. बारा वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तोफ. मी ड्रायव्हर. एकाचा डावा कान गेलेला, दुसऱ्याचा उजवा. त्यामुळे इवान बाबांच्या डाव्या हाताला बसला की चांगले कान समोरासमोर यायचे. राहिलेली जागा माझी. माझ्या वाट्याला कायम कुणाचा तरी बहिरा कान. फौजी हिंदी, आखाती हिंदी आणि हातवारे यांवर दोघांचं तासन्‌तास चालायचं. घरी आल्यावर बाबा मीनाला सांगायचे, "इवान लई गुणाचा." मी त्यांच्या औषधांच्या गोळ्या आणून द्यायचो, तर "ठिवा तिथं."

एका संध्याकाळी तोफ झाल्यावर कुणीतरी आम्हाला खजूर दिले. इवानने खाल्ला नाही. हातात धरून बसला. मग मला म्हणाला, "बाख, हे हिंदीत जमणार नाही. तू सांग त्यांना."

तो इंग्रजीत बोलत गेला, मी मराठीत सांगत गेलो. लढाईत इवानच्या तुकडीने रात्रभर गोळे फेकले होते. कुठे पडतात ते दिसत नव्हतं. वायरलेसवर निशाण्याचे नुसते आकडे यायचे. दोन दिवसांनी तोफा पुढे नेताना ते त्याच जागेवरून गेले. जळालेल्या ट्रकशेजारी एक मेलेला माणूस बसल्यासारखा होता. पुढ्यात भाताचं पातेलं. जेवायला बसलेला. "गोळा माझ्या तोफेचा होता की शेजारच्या, कोण सांगणार? गावी परतलो तर पताका लावलेल्या. हीरो म्हणाले. बायकोला सांगता आलं नाही, कुणालाच नाही. ती सोडून गेली. गावात राहवेना, इकडे निघून आलो." त्याने तोफेकडे हात केला. "ही तोफ मला आवडते. ही उडाली की सगळे जेवायला लागतात."



बाबा म्हणाले, "त्येला सांगा पाव्हणं, आमच्या गावानं बी वेशीवर आरती केलती. मी दोन दिस जेवलो न्हाई. मीनाच्या आईला बी ठावं न्हवतं." त्यांनी इवानच्या हातातला खजूर घेतला, बी काढली, आणि खजूर परत त्याच्या हातावर ठेवला. तो खाईपर्यंत ते बघत राहिले.

परत निघताना त्यांनी विचारलं, "ईदला काय करतो त्यो? इचारा."

मला विचारायची गरज नव्हती. दर सुट्टीला इवान स्वतःहून ड्यूटी मागून घेतो आणि रिकाम्या यार्डाच्या गेटवर एकटा बसतो. मला इतकी वर्षं वाटायचं, प्रमोशनसाठी मस्का लावतोय.

"काही नाही करत," मी म्हणालो.

"मग जेवाय बोलवा की."

मी बोलावलं. किती वाजता, त्याने विचारलं. मी म्हणालो, "सकाळीच या, दिवसभरासाठी."

ईदच्या दिवशी पावणेसातला वॉचमनचा फोन आला. कुणी गोरा साहेब सहा वाजल्यापासून खाली गाडीत बसलाय, टाय लावून, मांडीवर मिठाईचा खोका घेऊन. वर पाठवू का?

मी तसाच, बनियनवर खाली गेलो. घरात मीना आणि बाबा अजून झोपलेले होते, मटण फ्रीजमध्ये होतं. त्याने काच खाली केली. "फार लवकर आलो का?"

"छे," मी म्हणालो, "आम्ही केव्हाची वाट बघतोय."