एकशेबाराचा कोट

"माझं हृदय म्हणजे नवं कोरं शिलाई मशीन!" दुपारी जेवून आल्यावर दुकानाचं शटर वर करता करताच मास्तरांनी जाहीर केलं.

तीन महिने त्यांच्या छातीत धडधडत होतं. ईसीजी, इको, ट्रेडमिल, सगळं नॉर्मल! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही काळजीची धडधड. नाडी दिवसातून एकदाच मोजायची." मास्तर एकदाच मोजत. उठल्यावर एकदाच, चहाआधी एकदाच, चहानंतर एकदाच आणि गिऱ्हाइकाचं माप घेता घेता एकदाच! परवा त्यांनी फोनवर चौऱ्याहत्तर सांगितली, तर बाई म्हणाल्या, "वा! झकास!" तेव्हापासून मास्तर हवेत!

तेवढ्यात वकीलसाहेब आले. माणूस कसला, उभी करून ठेवलेली मापाची टेप! पाच वाजता न्यायाधीशपदाची शपथ घ्यायची होती, त्यासाठीच हा काळा कोट. घातला, तर खांदे फिट्ट आणि कंबरेला तंबू!

"मास्तर, शपथ मी एकटाच घेणार आहे. या कोटात बाकीचे कोण येणार?"

मास्तर बायकोवर उखडले. "डोळे कुठे होते तुझे?"

"वहीवर!" बायको ठणकावून म्हणाली. "माप तुम्ही घेता, मी नुसतं कापते नि शिवते. साहेबांना आज पहिल्यांदा बघतेय मी. हे बघा तुमचंच अक्षर! कंबर, एकशेबारा सेंटिमीटर!"

मास्तरांनी घाईघाईने टेप लावली. चौऱ्याहत्तर.

चौऱ्याहत्तर! म्हणजे वहीत उतरली ती त्यांची नाडी, आणि डॉक्टरीणबाईंनी वा वा केलं ते वकीलसाहेबांच्या कंबरेला!

"अगं, माझी एकशेबारा होती गं! पाणी आण! फोन लाव!"

"फोन मागून! दोन तास उरलेत. साहेबांनी काय बनियनवर शपथ घ्यायची?" तिने कोट त्यांच्या मांडीवर आदळला. "उसवा!"

मास्तरांनी उसवलं. कापलं, टाचलं, मशीन असं पळवलं की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं! पावणेपाचला साहेब कोट घालून आरशासमोर ताठ उभे राहिले, हसले, आणि पळाले.

मास्तर खुर्चीत कोसळले. मग दचकले. "अगं, दोन तास मी नाडीला हातसुद्धा लावला नाही!"

"मी लावला ना. तुम्ही अस्तर टाचत होतात तेव्हा. मनगट धरलं तरी पत्ता नाही तुम्हाला! अठ्ठ्याहत्तर भरली."

"खरंच?" मास्तरांचे डोळे भरून आले. "माझी? अठ्ठ्याहत्तर? लिहून ठेव गं कुठेतरी!"

"तेव्हाच लिहिली. वही उघडीच होती."

"कुठली वही?"

बायकोने जीभ चावली. उघडं पान बेकरीवाल्यांच्या पँटचं होतं. सगळी मापं घेऊन झालेली, कंबर तेवढी राहिलेली, कारण मास्तर मध्येच नाडी मोजायला बसले होते.

बेकरीवाले दारातून आत येतात तेसुद्धा आडवे होऊन. आणि टेबलावर त्यांची पँट बायकोने मघाशीच, घाईघाईत वहीत बघून, कापून ठेवली होती. अठ्ठ्याहत्तरची!