नकाशातली टोपली

बाळांनो, मागच्या रांगेतली चुळबुळ आधी बंद करा. हं. एका जंगलात ठोकोबा नावाचा सुतारपक्षी राहत होता. तो एकच नकाशा काढायचा आणि त्यावरून सगळ्यांना ढोल्या पोखरून द्यायचा. नकाशाला तो 'क्लास' म्हणे, ढोलीला 'ऑब्जेक्ट'. इंग्रजी बोललं की लाकूड मऊ पडतं, अशी त्याची समजूत होती.

नकाशात लिहिलेलं होतं, 'इथे दाण्यांची टोपली'. ढोलीत मात्र नुसती खुंटी आणि वर पाटी, 'टोपली'. टोपली कुठाय विचारलं तर ठोकोबा म्हणे, नकाशात आहे की.

चिंगी खारीला अशीच नवी ढोली मिळाली. पावसाळा तोंडावर आलेला, आणि पदरात दोन पिल्लं, डोळेही न उघडलेली. भर पावसात दाणा मिळत नाही, म्हणून बिचारी तोंड भरभरून चिंचोके आणत होती. पाटी वाचून तिने ते विश्वासाने तिथे ओतले. झाड आतून पोकळ होतं. चिंचोके खडखडत खाली गेले आणि मुळाशी वाहणाऱ्या ओढ्यात पडले.

चिंगी रडत कोल्ह्याकडे गेली. कोल्होबा ढोली समितीचे अध्यक्ष होते.

"घर देतानाच एक रिकामी टोपली अडकवून द्या," चिंगी म्हणाली. "बाकी काही नको."

"रिकामी वस्तू कुणी देतं का, वेडाबाई? आधी दाणे साठवून दाखव, मग टोपली माग."

"पण साठवू कशात?"

प्रश्न अवघड होता, म्हणून समिती बसली. चहा झाला. प्रत्येक ढोलीच्या दारात एक माकड नेमायचं ठरलं. दाणा टाकण्याआधी माकडाने विचारायचं, टोपली आहे का? नसेल तर दाणा परत. परत देता देता अर्धे दाणे माकडच खाई, ही गोष्ट वेगळी.

चिंगीने मग कुणाला विचारलंच नाही. माकड पेंगत असताना तिने गवताची टोपली विणली आणि खुंटीला अडकवली. रिकामीच. त्यानंतर पडलेला प्रत्येक दाणा टोपलीत राहिला. पावसाळाभर पिल्लं खाऊन गुटगुटीत झाली. ते पाहून शेजारणींनीही टोपल्या विणल्या.

आता माकडांना विचारायला काही उरेना. त्यांनी पोटावर पाय आला म्हणून मोर्चा काढला. कोल्होबांनी चिंगीला विनापरवाना टोपलीबद्दल चांगलंच झापलं. आणि जंगलात सगळीकडे टोपल्या आल्या, ही नकाशाचीच कमाल, असं म्हणून ठोकोबाचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला.

ठोकोबा खुशीत ओढ्याकाठच्या आपल्या ढोलीत गेला आणि पाटी बघून त्याने नारळ नेमक्या जागी ठेवला.

ओढ्यात मोठ्ठा आवाज झाला.

तात्पर्य: टोपली वेळेवर अडकवली तर फक्त पिल्लं जगतात. नकाशात लिहून सोडली, तर नारळ मिळतो. तो ठेवायचा कुठे, हे सत्कारमूर्तीला विचारू नये.